सरकारी जंगल

पहाटे २:१०

गजर अडीचचा असतो, पण मी त्याला कधी वाजू देत नाही. जबलपूर ते कान्हा गाडी चालवायला लागून एकोणीस वर्षं झाली; आता झोपच घड्याळ बघून येते आणि जाते. जानेवारीतला बुधवार. बुधवारी दुपारची सफारी बंद, म्हणजे सकाळची एकच फेरी करून संध्याकाळपर्यंत परत. बायको याला माझी अर्धी सुट्टी म्हणते. पहाटे दोनला उठून सव्वातीनशे किलोमीटर गाडी हाकायची, अशी सुट्टी.

आज भाचा सोबत आहे. ताईचा मुलगा, जन्माने आणि वाढीने डेन्व्हरचा. विमानप्रवासाने त्याची रात्र कुठे आणि दिवस कुठे झालाय, त्यामुळे माझ्या आधीच अंगणात येऊन उभा. त्याचं मराठी ताईच्या स्वयंपाकघरात तयार झालेलं आहे. भाज्यांची सगळी नावं येतात, झाडांची एकही येत नाही.

हा पोरगा दर सप्टेंबरात रजा काढून कोलोरॅडोच्या डोंगरात एल्कच्या मागे फिरतो, धनुष्यबाण घेऊन. ताईला पहिल्यांदा कळलं तेव्हा तिने मला फोन केला होता. 'आपल्या घरात कोणी पाल मारत नाही रे, आणि हा बघ.' एल्क म्हणजे आपल्या सांबरापेक्षाही मोठं हरीण, नर तीनशे किलोच्या वर भरतो. सहा मोसमांत याला एकच मिळालं. बाकीचे पाच मोसम नुसता चालला. ताईला हे दुसरं वाक्य सांगितल्यावर जरा बरं वाटलं.

२:५०

स्टेशनजवळच्या हॉटेलातून पुण्याचे काका-काकू गाडीत. काकांचा पहिला प्रश्न, 'वाघ दिसेल ना?' मी म्हणतो, 'जंगल आहे काका.' हे उत्तर मी इतक्यांदा दिलंय की आता ते 'नमस्कार'सारखं तोंडातून येतं.

३:०० ते ४:४०, मंडला रस्ता

बरेला गेलं की रस्त्यावर ट्रक आणि धुकं, दोनच गोष्टी. काकू झोपल्या. काका जागे, कारण भाच्याने धनुष्यबाणाचा विषय काढला होता आणि काकांना मध्ये बोलल्याशिवाय राहवत नव्हतं.

'म्हणजे तू कुणाच्या जंगलात मारतोस?'

'पब्लिक लँड.'

'म्हणजे सरकारी.'

'नाही, पब्लिक.'

'अरे, पण कागदावर कुणाची?'

'फेडरल गव्हर्न्मेंटची.'

'मग सरकारीच!'

भाचा गप्प झाला. मग म्हणाला, 'काका, पण मी तिथे गेलो ना, की मला वाटतं ही जमीन माझी आहे. कुणाला विचारायचं नाही. गाडी लावायची आणि चालायला लागायचं.' अमेरिकेच्या केंद्र सरकारकडे सुमारे ६४ कोटी एकर जमीन आहे, देशाच्या चौथ्या हिश्शाहून जास्त. तीही एकेकाळी कुणाकडून तरी घेतलेलीच, हे तो स्वतःच म्हणाला. तिथल्या मूळ लोकांची आठवण त्याला आहे. तरी 'माझी' हा शब्द त्याच्या तोंडून सहज गेला. मी स्टिअरिंगवर तो शब्द मनात घोळवत राहिलो. मी एकोणीस वर्षं ज्या जंगलापर्यंत जातो त्याला मी, माझा बाप, आमच्याकडचं कुणीही कधी 'आमचं' म्हटलेलं नाही. सरकारी जंगल. सरकारी दवाखाना, सरकारी शाळा, तसंच.

पण तिकडेही पूर्वीसारखं राहिलं नाही, असं त्याचं म्हणणं. पूर्वी कोलोरॅडोत बाणाने एल्क मारायचा परवाना, ज्याला ते टॅग म्हणतात, दुकानात जाऊन विकत घेता यायचा, अगदी बाहेरच्या राज्यातल्या माणसालाही. गर्दी इतकी वाढली की २०२५ पासून बाहेरच्यांना सोडतीत नाव घालावं लागतं. त्याचा टेक्ससचा मित्र बरोबर यायचा. आता त्याचं येणं नशिबावर. दुसरा घोटाळा फोनमधल्या नकाशाचा. कुठली जमीन सरकारची, कुठली खाजगी, याच्या रेषा आता पडद्यावर दिसतात. म्हणजे जी आडवाट आयुष्यभर भटकलेल्या एखाद्या म्हाताऱ्यालाच ठाऊक होती, तिथे पहाटे पाचला चार गाड्या उभ्या. त्यात डिसेंबर २०२३ मध्ये मतदानाच्या निकालावरून लांडगेही परत आणून सोडलेत, त्यावरून वेगळी भांडणं.

'म्हणजे आमच्यासारखंच,' मी म्हटलं. 'सीट मोजक्या, बुकिंग आधी, आणि वर वाघ.'

४:४५

मंडल्यात चहा. नर्मदेवरून येणारा वारा कानात सुया टोचतो. भाच्याने दोन ग्लास घेतले, एक पिण्यासाठी आणि एक हात शेकायला.

६:०५, खटिया गेट

बम्हनी, चिरईडोंगरी करत खटियाला पोचेपर्यंत काकू जाग्या झालेल्या. माझी गाडी इथे थांबते. पुढे जंगलात नोंदणी झालेलीच जिप्सी, तिचा स्वतःचा ड्रायव्हर, आणि रोस्टरमध्ये ज्याचा नंबर असेल तो गाइड. परमिटवरचं नाव, ओळखपत्र, पासपोर्ट, सगळं जुळवून पाहतात. मी आज सीट भरायला आत जातोय, नाहीतर बहुतेक दिवशी ड्रायव्हर लोकांचं शेकोटीचं वर्तुळ हीच माझी सफारी.

गाइड म्हणून जे दादा आले ते माझ्या ओळखीचे. बैगा आदिवासी आहेत, पन्नाशी ओलांडलेले. त्यांच्या आजोबांचं गाव जिथे होतं तिथे आज कुरण आहे, माणूस राहत नाही. हे ते पर्यटकांना सांगत नाहीत. विचारलं तर सांगतात, आणि कुणी विचारत नाही.

६:४०

सालाच्या जंगलात शिरलं की पहिली दहा मिनिटं कुणी बोलत नाही. थंडीच तशी असते. जिप्सीवाल्याने दिलेल्या घोंगड्या काकूंनी नाकापर्यंत ओढल्या. भाच्याने खिशातून एक चिमुकली प्लास्टिकची बाटली काढली आणि हवेत दाबली. पांढऱ्या पावडरीचा एक झोत निघाला आणि डावीकडे वाहत गेला.

गाइडदादांनी माझ्याकडे पाहिलं. मी भाच्याला विचारलं. म्हणे वारा बघायची सवय. एल्कच्या पाठीमागे जाताना वारा आपल्याकडून त्याच्याकडे गेला की सगळं संपलं. दोन दिवसांची चाल एका झुळकीत वाया. मी हिंदीत दादांना सांगितलं. ते पहिल्यांदाच हसले. म्हणाले, जिप्सीच्या पेट्रोलचा वास या जंगलातल्या प्रत्येक जनावराला पाठ आहे, आता वारा कुठूनही येवो.

भाच्याने बाटली खिशात घातली. थोड्या वेळाने हळूच विचारलं, 'मामा, इथे उतरता येत नाही?'

'नाही.'

'कधीच?'

'कॅन्टीनला उतरता येतं.'

त्याचा चेहरा बघून मला त्याची कीव आली आणि थोडी स्वतःचीही. एकोणीस वर्षांत या जंगलाच्या मातीला माझा पाय मोजक्याच जागी लागला आहे.

७:५०, कान्हा मैदान

हे ठिकाण मला कुणालाही दाखवायला आवडतं. सालाची भिंत अचानक संपते आणि पुढे गवत, नुसतं गवत; त्यावर दहिवर गोठलेलं आणि त्यावरून धुक्याची चादर गुडघ्याएवढ्या उंचीवर सरकत असते. धुक्यातून आधी शिंगं वर येतात. मग मान.

बारशिंगा. जबलपूरकडे बारासिंगा म्हणतात, मध्य प्रदेशचा राज्यप्राणी. आत्ता त्यांचा माजाचा काळ. एका नराच्या शिंगांवर ओल्या गवताचा झुबका लटकत होता, वरातीतल्या नवऱ्याच्या मुंडावळ्यांसारखा. हे ते मुद्दाम करतात. गवतात शिंगं घुसळून ती सजवतात, चिखलात लोळतात, आणि मग मान वर करून ओरडतात. आवाज हरणाचा वाटतच नाही; दूरवर गाढव रडतंय असं वाटतं. काकूंनी चमकून विचारलं, 'इथे गाढवं?'

भाचा मात्र उठून उभा राहिला होता. एल्कही सप्टेंबरात हेच करतो, चिखल, गवत, ओरडणं. फक्त त्याचा आवाज शिट्टीसारखा चढत जातो. तो बोटांनी शिंगांची टोकं मोजत होता. 'सिक्स बाय सिक्स,' म्हणाला. एका शिंगाला सहा, दुसऱ्याला सहा; पूर्ण वाढलेल्या एल्कचं ते माप, तिकडचे शिकारी त्याचीच स्वप्नं पाहतात.

'म्हणजे बारा,' मी म्हटलं. 'म्हणजे बारशिंगा.'

तो माझ्याकडे बघतच राहिला. मग कुजबुजला, 'थर्टी यार्ड्स, मामा.' त्याचा उजवा हात हनुवटीपाशी आला होता, दोरी ओढून धरल्यासारखा. त्याला कळलंही नसावं. गाइडदादांना कळलं. त्यांनी काही म्हटलं नाही, पण त्यांची नजर त्या हातावर दोन क्षण थांबली, आणि मला वाटलं, जिप्सीतल्या आम्हा सहा जणांत या दोघांनाच आत्ता एकच गोष्ट दिसते आहे.

ही हरणं नुसती गवत खातात, तेही या कठीण जमिनीवरचं. त्यांचे तराईतले आणि काझीरंगातले भाऊबंद दलदलीत राहतात. कठीण जमिनीवरची ही जात जगात फक्त इथेच उरली होती. १९७० साली मोजली तेव्हा ६६. शिकार होती, कुरणांत शेती आणि गुरं होती, गवताला लागणाऱ्या आगी होत्या, आणि वाघ तर होताच. १९६०च्या दशकाच्या अखेरीस मंडल्याला एम. के. रणजितसिंह नावाचे तरुण कलेक्टर होते. त्यांनी या हरणासाठी सौंफ नावाचं गाव जंगलाबाहेर हलवलं. तिथलं शेत पुन्हा कुरण झालं. कुंपण घालून आत काही हरणं वाढवली. आज कान्ह्यात ती हजाराच्या घरात आहेत. काझीरंगाच्या बारशिंग्याच्या शास्त्रीय नावात रणजितसिंहांचं नाव आहे, आणि आपल्या या कान्ह्याच्या जातीच्या नावात डनबर ब्रँडर हे ब्रिटिश वनाधिकारी आहेत, ज्यांनी १९२३ मध्ये मध्य भारतातल्या रानटी जनावरांवर पुस्तक लिहिलं. ज्या माणसांनी गाव सोडलं, त्यांचं नाव कुठल्याच हरणाला नाही. गाव उठलं नसतं तर हे हरीणही राहिलं नसतं, हे मला मान्य आहे. तरी दादा शेजारी बसलेले असताना ही गोष्ट सांगताना माझा आवाज नेहमीच थोडा खाली येतो.

'वाघाचं काय?' काका म्हणाले.

९:००, कान्हा कॅन्टीन

उतरायला मिळालं म्हणून भाचा दहा मिनिटं नुसता येरझाऱ्या घालत होता. बायकोने दिलेले मेथीचे पराठे आणि कॅन्टीनचा चहा.

काकांनी विचारलं, 'आपल्याकडे पूर्वी चालायचीच ना शिकार?' चालायचीच. माझे आजोबा नागपूरहून इथे गन कॅरेज फॅक्टरीत कारकून म्हणून आले; १९५६ पर्यंत हा सगळा मुलूख नागपूर राजधानीचाच होता. ते सांगायचे, साहेब लोक नाताळच्या सुट्टीत शिकारीला निघत. जंगलाचे ब्लॉक पाडलेले असत. परवाना घेतला की ठरावीक दिवसांसाठी एक ब्लॉक मिळे आणि त्यात कुठलं जनावर किती मारायचं ते लिहिलेलं असे. हाका घालायला बैगा आणि गोंड. त्याच बैगाने आपलं धनुष्य घेऊन आपल्याच रानात तेच हरीण मारलं, की ती मात्र चोरी. परवान्याचा कागद हाच काय तो फरक.

मग १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि बारशिंग्याची शिकार सगळ्यांनाच बंद झाली. पुढच्याच वर्षी कान्हा व्याघ्र प्रकल्पात गेलं. भाच्याने इथे एक गंमत सांगितली. अमेरिकेत बंदुका आणि काडतुसांवर एक कर आहे, १०-११ टक्के, आणि १९३७ पासून तो पैसा मुख्यतः वन्यप्राण्यांवरच खर्च होतो. धनुष्य आणि बाण त्या करात कधी आले? १९७२च्याच कायद्याने. एका देशाने त्या साली बाण खाली ठेवायला लावले, दुसऱ्याने बाणावर पट्टी बसवून त्यातून हरणांचा खर्च काढला. काका म्हणाले, 'आपलं बरोबर.' भाचा म्हणाला, 'आमच्याकडे शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी एल्क संपत आले होते, आता दहा लाखांच्या आसपास आहेत.' मी पराठा खात होतो. दोन्ही हरणं वाचली, एवढं मला दिसतं. चालण्यात मात्र भाचा जिंकला.

हरणाला हात न लावता पकडायची एक रीत इथे मी पाहणाऱ्यांकडून ऐकली आहे. आफ्रिकेतून आलेली, नाव 'बोमा'. नरसाळ्याच्या आकाराच्या दोन लांब भिंती, कापडाच्या आणि गवताच्या. कळप हलके हलके रुंद तोंडातून आत घ्यायचा आणि अरुंद टोकाला गाडी उभी. हरणाला वाटतं आपण चाललोय. बाण नाही, भूल नाही. असे इथून नेलेले बारशिंगे २०१५ पासून सातपुड्यात आणि २०२३ पासून बांधवगडात आहेत. जगातली सगळी अंडी एकाच टोपलीत राहिली नाहीत, हे बरं झालं.

९:५०, श्रवण ताल

बहुतेक जिप्स्या इथे थांबत नाहीत, कारण वाघाचा भरवसा नाही. मी थांबायला लावतो. एक छोटं तळं. जवळच उंचवट्यावरची जागा, तिला दशरथ मचाण म्हणतात. इथल्या लोकांच्या सांगण्याप्रमाणे दशरथाने याच मचाणावरून अंधारात आवाजावर बाण सोडला. पाण्यात घागर बुडाल्याचा आवाज; त्याला वाटलं जनावर पाणी पितंय. तो श्रवण होता.

काकू हात जोडून म्हणाल्या, 'अयोध्या कुठे, कान्हा कुठे!' खरं आहे. पण ज्या रानात पिढ्यान्‌पिढ्या बाण चालले, तिथल्या माणसांनी ही कथा आपल्या तळ्यावर आणून ठेवली, याचं मला नवल वाटत नाही. ती बाण चालवणाऱ्यांचीच कथा आहे.

भाच्याला ती ठाऊक नव्हती. मी सांगितली. ऐकून तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, कोलोरॅडोत १९४९ मध्ये किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना सहसा शिकारीचा वर्ग पास केल्याशिवाय टॅग मिळत नाही. आणि त्या वर्गात शिकवतात की लक्ष्य डोळ्यांनी नक्की ओळखल्याशिवाय, आणि त्याच्या मागे काय आहे ते पाहिल्याशिवाय, सोडायचं नाही. आवाजावर तर कधीच नाही.

'एकदा झाडीत काहीतरी हललं. शिट्टी पण आली. मी ओढून धरलं होतं. खूप वेळ.' तो थांबला. 'माणूस होता, मामा. तो पण एल्कचा आवाज काढत होता.'

गाइडदादांना मी हे भाषांतर करून सांगितलं. त्यांनी मान हलवली, जणू यात नवीन काही नव्हतं.

११:००

गेटबाहेर. वाघ दिसला नाही. काकांनी मला माफ केल्यासारखा चेहरा केला. दादांना मी चहाला थांबवलं. भाच्याने विचारलं, मी मध्ये दुभाषी. आजोबांचं धनुष्य बांबूचं होतं, दोरीसुद्धा बांबूच्याच सालीची, पावसात न कुजणारी. दादांनी ते कधी चालवलं नाही. वडिलांनी साहेबांसाठी हाके घातले, नंतर वनखात्यात वणवे विझवले. दादा गाइड. पण माकड कुठल्या आवाजात ओरडलं की बिबट्या आणि कुठल्या आवाजात वाघ, धुळीतला ठसा रात्रीचा की पहाटेचा, हे सगळं त्यांना शिकवायला कुणी बसलं नव्हतं. घरात होतंच. म्हणाले, शिकार गेली, शिकाऱ्याची नजर राहिली, तिच्यावर आता पोट चालतं.

१:०० ते ४:३०

जेवण, ऊन, मंडला, ट्रक. काका-काकूंना हॉटेलवर सोडलं.

४:४५, राणीताल

भाच्याचा हट्ट होता म्हणून. राणीतालला मध्य प्रदेशची राज्य धनुर्विद्या अकादमी आहे. कुंपणाबाहेरून पाहिलं. पन्नास मीटरवर ऐंशी सेंटिमीटरची टार्गेटं, आणि ओळीत उभ्या मुली, हातात कंपाउंड धनुष्यं. दोन्ही टोकांना चाकं, दोरीत डोकावायचं बारीक भोक, मनगटाला लावलेला खटका.

'हे तर माझंच धनुष्य,' भाचा म्हणाला.

खरंच त्याचंच. हे यंत्र मिसूरीतल्या हॉलेस विल्बर ॲलन यांचं, पेटंट १९६९चं, आणि ते लोकप्रिय झालं हरणांच्या शिकाऱ्यांत. दोरी पूर्ण ओढली की चाकं बराचसा भार स्वतःवर घेतात. शिकाऱ्याला धरून ठेवायला वेळ मिळतो, जनावर वळेपर्यंत, किंवा ते माणूस निघेपर्यंत. भाच्याचं सत्तर पौंडांचं आहे. स्पर्धेत साठच्या वर चालत नाही. याच धनुष्यावर जबलपूरच्या मुस्कान किरारने २०१८च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत सांघिक रौप्य आणलं.

एका मुलीने बाण सोडला. आवाज एवढासा, वहीचं पान उलटल्यासारखा. दहाचं वर्तुळ आठ सेंटिमीटरचं, बाण त्यातच. भाच्याने टाळी वाजवली नाही, श्वास सोडला. म्हणाला, 'ही माझ्यापेक्षा खूप चांगली आहे.' थोड्या वेळाने म्हणाला, 'पण हिने कधी वारा हुंगला नसेल.' मैदानाच्या टोकाला वारा दाखवायला बांधलेली छोटी निशाणं फडफडत होती. मी ती त्याला दाखवली.

९:२०

गाडी धुतली. उद्याचे नाशिकचे सहा जण आहेत. त्यांचा फोन, वाघ नक्की ना. जंगल आहे साहेब.

भाचा दारात. 'मामा, उद्या एक सीट?'

'नाही. सहाच्या सहा भरल्यात.'

'मग मी गेटबाहेर थांबतो. तिथे तरी चालता येतं ना?'

खटियाला बफरमध्ये एक पायवाट आहे, गाइड सोबत घेतला तर चालू देतात. मी दादांना फोन लावला. उद्या रोस्टरवर त्यांचा नंबर नव्हता. येतो म्हणाले, सकाळी सातला. पैशाचं काही बोलले नाहीत. फोन ठेवता ठेवता एवढंच म्हणाले, त्या पोराला सांगा, पावडरची बाटली घरी ठेव.